लखोट्यातील ग्रंथ

मराठी गद्याचा इतिहास सांगू लागले म्हणजे आपण बहुधा महानुभावांपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गद्याने मराठी माणसाची घराबाहेर, मुलखाबाहेर, नर्मदेच्या पलीकडे आणि महानदीच्या काठापर्यंत सोबत केली, ते पोथीतले गद्य नव्हे; ते पत्रातले गद्य होय. पोथी घरी देव्हाऱ्याजवळ राहिली. मोहिमेवर, वकिलातीवर, परगण्याच्या वसुलीवर गेलेल्या माणसाबरोबर गेले ते बोरू, दौत आणि कागदाचे बंद. त्यामुळे परमुलखात राहण्याचा जो काही अनुभव आपल्या भाषेत साठला आहे, त्याचा फार मोठा भाग पत्रांच्या रूपाने साठला आहे, ही गोष्ट आम्हां बदलीवर फिरणाऱ्या लोकांनी तरी विसरू नये.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते गोल बाजाराचे. रायपूरच्या या जुन्या बाजारात पूजेचे साहित्य, मसाले, बांगड्या, भांडी यांच्या गल्ल्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि महाराष्ट्रातून येथे नेमणुकीवर आलेले कुटुंब सणावाराला तेथे गेल्यावाचून राहत नाही. हळदीकुंकवाच्या दुकानाशी मराठी शब्द कानी पडतो, मान वळते, ओळख होते. अशाच ओळखीतून आम्हां काही घरांत पुस्तकांची देवघेव सुरू झाली. तिला ना नाव, ना वर्गणी, ना कार्यकारी मंडळ. (मराठी माणसे तीन जमली की घटना लिहावयास बसतात, येथे ते अद्याप घडलेले नाही.) एका कापडी पिशवीतून पुस्तके या घरून त्या घरी हिंडतात, इतकेच. गेल्या पावसाळ्यात प्रश्न निघाला, की नव्याने बदलून आलेल्या माणसाच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यावे? रेल्वेतले एक स्नेही म्हणाले, "पत्रांचे द्यावे. ते कोठेही उघडावे, कोठेही मिटावे. आणि दर दोन पानांनी कोणीतरी आपल्याला नमस्कार लिहितो." उत्तर सर्वांस पटले, आणि मग प्रत्येकाने आपापले पुस्तक सुचविले. त्या शिफारशींचा हा वृत्तान्त होय. मात्र तो सांगताना इतिहास मध्ये येतो, त्यास इलाज नाही.

इतिहास मध्ये येतो याचे कारण, ज्या मुलखात बसून आम्ही बोलत होतो तो एके काळी मराठी पत्रांचाच मुलूख होता. १७४१ साली भास्करपंतांची फौज रतनपुरावर आली. १७५८ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. त्यांच्या काळात येथील दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी शिरली. पुढे सुभेदारांची अमदानी आली. १७९० त सुभेदार झालेल्या विठ्ठलराव दिनकरांनी परगण्यांची घडी बसविली, आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी पदे गावोगाव दिसू लागली. त्यांतली काही आज केवळ आडनावे म्हणून उरली आहेत. शिवाय ओरिसाचा प्रांत १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत भोसल्यांकडे असल्यामुळे नागपूर आणि कटक यांमधली ये-जा छत्तीसगडच्या रानांतूनच होई. थैल्या घेऊन धावणारे जासूद आणि काशीद या वाटेने गेले. वाट सोपी नव्हती. वॉरन हेस्टिंग्जने नागपूर दरबाराकडे पाठविलेला वकील अलेक्झांडर इलियट १७७८ च्या सप्टेंबरात सारंगगडाजवळ तापाने वारला. त्याची कबर तेथेच आहे. परक्या मुलखातली नोकरी ही सर्वच दरबारांच्या चाकरांना सारखीच लागू पडते, हे त्या कबरीवरून कळावे.

त्या काळचे पत्र कसे असे, हे एकदा समजून घेतले म्हणजे जुने पत्रसंग्रह वाचण्याची गोडी दुणावते. मजकूर कारकुनाच्या हातचा, मोडीत, एका ओघात, शब्द न तोडता लिहिलेला. आरंभीचा मायना पाहणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या पायरीप्रमाणे बदलणारा: वडिलांस साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यास नुसता नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद. 'विशेष' हा शब्द आला की समजावे, आता खरी गोष्ट येणार. शेवटी 'बहुत काय लिहिणे' येते आणि लोभाची विनंती करून पत्र संपते. अधिकाऱ्याचे असेल तर 'जाणिजे' म्हणून संपते आणि खाली मोर्तब उठते. परंतु मौज आहे ती त्याच्याही पुढे. गुप्त किंवा नाजूक मजकूर मुख्य पत्रात न घालता वेगळ्या पुरवणीवर लिहीत, आणि काही वेळा चार ओळी धनी स्वतःच्या हाताने जोडी. कारकुनाच्या वळणदार अक्षरानंतर ते ओबडधोबड स्वदस्तुर अक्षर आले, की मनुष्य बोलू लागला असे वाटते. आजच्या कचेरीतले टंकलिखित पत्र आणि त्याच्या समासात साहेबांनी हिरव्या शाईने ओढलेला शेरा यांचे नाते याहून निराळे नाही.

एक अडचण मात्र मोठी होती. पत्रावर चंद्रतिथी असे, 'छ' घालून मुसलमानी महिना असे, पण साल पुष्कळदा नसे. ज्याला पत्र मिळावयाचे त्याला साल ठाऊकच होते! शंभर-दीडशे वर्षांनी ते ठरवावयाचे कसे? हा खटाटोप ज्यांनी केला त्यांचे ऋण आपल्यावर आहे. १८७८ साली काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले आणि बखरींबरोबर जुनी पत्रे छापण्यास आरंभ केला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून निवडलेली पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने १८९७ पासून छापावयास घेतली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ त आला. तो पानिपताच्या काळातील पत्रांचा. आमच्या मंडळीत वनखात्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ आहेत. त्यांची शिफारस खऱ्यांची. राजवाडे प्रस्तावनेत गर्जतात, आणि त्या गर्जनेत पत्रे लिहिणाऱ्यांचा आवाज कधी कधी बुडतो. खरेशास्त्री मात्र पत्रांच्या अगोदर प्रसंगाची हकीकत अशी सांगतात की पुढची पत्रे कथेसारखी वाचता यावीत, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटते. फौजेच्या हालचालीशेजारी कर्जाचे रडगाणे, घरचे दुखणे आणि मुलाचे लग्न ज्या निर्विकारपणे येऊन बसते, त्यात कोणत्याही कादंबरीकाराने शिकावे असे पुष्कळ आहे.

येथे वाद झाला, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. भोसल्यांच्या राज्यासंबंधी मेणवलीच्या दप्तरातील पत्रे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी डेक्कन कॉलेजमार्फत दोन भागांत प्रसिद्ध केली आहेत. पहिला भाग १९५४ चा, दुसरा १९५९ चा. नेमणुकीवर नागपूर प्रांतात किंवा त्याच्या जुन्या हद्दीत आलेल्या मराठी अधिकाऱ्याने ती वाचावीत, असे आम्ही सुचविले. त्यावर महसुलाचे काम पाहणाऱ्या एक भगिनी म्हणाल्या, "वाचीन. पण यात गौंटियाचे पत्र किती? ज्याच्याकडून वसूल घेतला त्याने काय लिहिले?" प्रश्न अवघड होता. पत्रे वकिलांची, सरदारांची, कारकुनांची. त्यांचे लक्ष पुण्याकडे आणि नागपुराकडे. छत्तीसगड हा त्यांच्या लेखी दूरचा मुलूख आणि जमेच्या बाजूचा आकडा. येथील शेतकरी मोडी लिहीत नव्हता आणि त्याची छत्तीसगडी बोली दप्तरात येत नव्हती. पत्रसंग्रह आपल्याला मोहवितो तो लिहिणाऱ्याच्या जवळिकीने, आणि त्या जवळिकीच्या भरात न लिहिणाऱ्याचा आपल्याला विसर पडतो. आपले पूर्वज येथे पाहुणे म्हणून आले नव्हते, वसुलीसाठी आले होते. त्यांच्या घरगुती पत्रांतला जिव्हाळा खरा आणि वसुलीही खरी. या भगिनींचा आक्षेप आम्ही मान्य केला. शिफारस मागे घेतली नाही, परंतु आता ते दोन भाग पिशवीतून जातात तेव्हा त्यांच्याबरोबर हा प्रश्नही तोंडी जातो.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निवर्तले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. योगायोग असा, की त्याच १८५४ त टपालाचा नवा कायदा होऊन हिंदुस्थानभर अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र जाऊ लागले. सरदाराच्या जासुदाची जागा सरकारी हलकाऱ्याने घेतली. पत्र लिहिणे ही आता दरबारची मिरास राहिली नाही. १८७९ साली एका पैशाचे कार्ड निघाले, तेव्हा तर ते गरिबाच्याही हाती आले.

परंतु छापखान्याने पत्राचे रूप त्याआधीच उचलले होते. गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने जी पत्रे लिहिली, ती संख्येने १०८ आहेत आणि 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात. लिहू लागले तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते, आणि ते सरकारी चाकरीत होते. पुढे न्यायाधीश म्हणून अहमदाबादेस गेल्यावर त्यांनी गुजराती समाजाच्या कामात जो भाग घेतला, तो आमच्या वाचकांस विशेष सांगण्याजोगा आहे. मुक्कामाच्या ठिकाणाला केवळ मुक्काम न समजणारा हा अधिकारी होता. 'शतपत्रे' गोड आहेत असे कोणी म्हणणार नाही. ती झोंबतात. पण नव्याने अधिकारावर आलेल्या तरुणाला ती द्यावीत, असा आमच्यातील एका न्यायखात्यातील स्नेह्यांचा आग्रह आहे.

या सगळ्या शिफारशींत ज्या पुस्तकापाशी आम्ही फार वेळ थांबलो, ते काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र व पत्रे. १८८९ साली, म्हणजे आनंदीबाई निवर्तल्यानंतर दोनच वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपालखात्यात होते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. अलिबाग, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा संसार बदल्यांवर चालला. त्यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील एका नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचले, आणि अनोळखी मुलीला त्यांनी पत्र धाडले. एका पत्रातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, असे करीत १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीवर चढली. मार्च १८८६ त ती डॉक्टर झाली. फेब्रुवारी १८८७ त पुण्यास वारली. तिची पत्रे वाचताना थंडीची, पोशाखाची, अन्नाची चिंता, अभ्यासाची जिद्द आणि नवऱ्याच्या तापट स्वभावाला दिलेली शांत पण ठाम उत्तरे यांचा जो संमिश्र सूर लागतो, तो कोणत्याही चरित्रकाराला आपल्या वाक्यांत आणता आला नसता. काशीबाईंनी तो तिच्याच अक्षरांवर सोपविला, यात त्यांचे शहाणपण दिसते. परदेशी बदली झालेल्या कोणाच्याही पत्नीने हे पुस्तक वाचावे, असे एकीने सुचविले. दुसरीने लगेच दुरुस्ती केली, की तिच्या पतीने अगोदर वाचावे.

त्याच वर्षी, १८८३ त, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांचा 'इंग्लंडचा प्रवास' हे सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले एक लांब पत्रच आहे. लहानसे, एका बैठकीत वाचून होणारे. दोन मराठी स्त्रिया एकाच वर्षी समुद्र ओलांडतात आणि दोघींचाही तो प्रवास आपल्याला पत्रांतून कळतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कल्पित पत्रांच्या बाबतीत मराठीत फारशी समृद्धी नाही. इंग्लंडात रिचर्डसनची 'पामेला' १७४० त आली, जर्मनीत गटेचा 'वेर्थर' १७७४ त. आपल्याकडे ठळक नाव घ्यावयाचे ते वामन मल्हार जोशी यांच्या 'इंदु काळे व सरला भोळे' या १९३४ च्या कादंबरीचे. पात्रे एकमेकांस पत्रे लिहितात आणि त्यांतून कथा पुढे सरकते. पण वामनरावांना कथेपेक्षा विचाराची ओढ अधिक असल्याने कला थोर की नीती थोर, हा वाद पत्रापत्रांतून चालू राहतो. आमच्यातील तरुणांना ती जड वाटली, वडिलांना आवडली. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' मात्र सर्वांना सारखीच रुचली. पुतणी सुधा हिला लिहिलेली ही पत्रे. निसर्ग, माणसे, देशातील घडामोडी, सर्व काही एका मुलीला समजेल अशा मराठीत. घरी मराठी बोलणारी पण शाळेत हिंदी शिकणारी मुले ज्यांच्या पदरी आहेत, त्यांनी ती रात्री मोठ्याने वाचून दाखवावीत. पाठ्यपुस्तकाने जे साधत नाही ते साधते, असा दोन घरांचा अनुभव आहे.

'कुसुमानिल'विषयी मतभेद राहिला तो राहिलाच. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा हा पत्रव्यवहार. कुसुमावती १९६१ साली निवर्तल्या आणि १९७२ त अनिलांनी तो प्रसिद्ध केला. आम्हां बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस कुसुमावतींचे स्मरण विशेष असावे, कारण अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, आणि तेही ग्वाल्हेरच्या अधिवेशनात. (रायपुरासही १९८१ साली हा मान मिळाला, अध्यक्ष गंगाधर गाडगीळ.) अनिलांनी मध्यप्रांतात न्यायखात्याची नोकरी केली, म्हणजे तेही आपल्याच जातकुळीचे. पुस्तक अत्यंत देखणे आहे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते याविषयी, की दोघांनी मिळून लिहिलेली पत्रे एकाने छापावीत काय? एक बाजू म्हणते, तिच्या संमतीवाचून ते उघडणे हा अपराध. दुसरी म्हणते, तिची वाणी जगावी म्हणूनच त्यांनी ते केले. आमचे मत असे, की छापणाऱ्याचा हेतू निर्मळ होता म्हणून वाचणाऱ्याचा संकोच नाहीसा होत नाही. ते पुस्तक आम्ही वाचतो, परंतु परक्याच्या दाराशी थबकल्यासारखे होऊन वाचतो.

धारवाडला आयुष्य काढलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रे आणि त्यांना सुनीता देशपांडे यांनी लिहिलेल्या पत्रांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तक, ही जोडी एकत्रच वाचावी. एकाच बाजूचे वाचणे म्हणजे भिंतीपलीकडचे निम्मे बोलणे ऐकणे. याहून अधिक सांगण्याची गरज नाही, कारण ती बहुतेक घरांत आहेतच.

शेजारच्या भाषांतही डोकवावे. मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' हे आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेले. मित्राला उद्देशून लिहिलेली पण तेव्हा धाडता न आलेली पत्रे, त्यांत पहाटेचा चहा आहे आणि कोठडीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. हेलेन हॅन्फ या न्यूयॉर्कच्या लेखिकेने लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाशी १९४९ पासून वीस वर्षे चालविलेला पत्रव्यवहार '८४, चेअरिंग क्रॉस रोड' म्हणून १९७० त पुस्तकरूपाने आला. रेशनच्या दिवसांत ती दुकानातल्या लोकांना खाण्याचे डबे पाठवीत असे, आणि ज्याच्याशी एवढा स्नेह जडला त्या फ्रँक डोएलची व तिची भेट कधीच झाली नाही. बडोद्याच्या चाकरीत आयुष्य घालविलेले रियासतकार सरदेसाई आणि बंगालचे जदुनाथ सरकार यांचा १९०४ मध्ये सुरू झालेला पत्रव्यवहार अर्धशतकाहून अधिक काळ चालला. त्यांत एखाद्या मराठी शब्दाच्या अर्थापासून घरच्या मृत्यूंपर्यंत सर्व काही आहे.

आणि अगदी उंबऱ्याशी असलेले पुस्तक म्हणजे 'पाया पत्र तुम्हारा'. गजानन माधव मुक्तिबोध हे घरचे मराठी. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. गजाननरावांनी हिंदीत लिहिले, आणि १९५८ पासून १९६४ त मृत्यू येईपर्यंत ते रायपुरापासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. नेमिचंद्र जैन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या पुस्तकात आहे. पैशाची चणचण, नोकरीची शोधाशोध, कवितेची घालमेल. दोन भावांपैकी एकाला घरची भाषा लेखनात लाभली, दुसऱ्याने भोवतालची भाषा घरची केली. आपल्या मुलांचे काय होईल हा जो प्रश्न आपण मनात दाबून ठेवतो, तो हे पुस्तक वाचताना दाबता येत नाही.

पुस्तके पाठविण्याची सोय आता पूर्वीइतकी सरळ नाही. टपालाची जुनी स्वस्त पुस्तक-सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली. २०२५ च्या मे महिन्यापासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा निघाली आहे, तिची चौकशी मोठ्या टपाल कचेरीत करावी. एक गोष्ट मात्र टपालावर अवलंबून नाही. बदलीचा हुकूम आला की घरोघर रद्दी निघते, आणि तिच्यात आईची कार्डे, सासऱ्यांची अंतर्देशीय पत्रे, बहिणीची राखीची पाकिटे जातात. खरेशास्त्र्यांना पटवर्धनांची दप्तरे मिळाली, कारण कोणीतरी ती माळ्यावर शंभर वर्षे राहू दिली होती. महसुलातल्या त्या भगिनींनी आता एक वेगळेच काम आरंभिले आहे: गोल बाजारातील एका म्हाताऱ्या मसालेवाल्याकडे त्याच्या आजोबांनी गावाकडून लिहविलेली पत्रे आहेत असे त्यांना कळले, आणि त्याची परवानगी घेऊन त्या दर रविवारी त्यांची नक्कल करून घेत आहेत. आतापर्यंत अकरा झाली. खऱ्यांचा तिसरा खंड सध्या धमतरीला आहे, 'सुंदर पत्रे' जगदलपुरास; ती परत आली की पिशवी पुन्हा भरेल.